मैदान जपलं ते वर्ष

ये नीलू, अशी जवळ ये. तो लॅपटॉप आधी मिट. परवा फोनवर मी तुला म्हटलं, आमच्या क्लबचा हंगाम सुरू होतोय, तर तू लगेच म्हणालीस, "मावशी, गेल्या वर्षी जिंकलात का हरलात एवढंच सांग, माझी मीटिंग आहे." असं विचारतात का गं? लग्नाहून आलेल्या माणसाला जिलब्या किती खाल्ल्यास एवढंच विचारावं, तसं झालं हे. तिकडे शॉमबर्गला त्या काचेच्या ऑफिसात दिवसभर आकडे बघून तुझी ही सवय झाली आहे, मला कळतं. पण माझ्या डोक्यात आकडे राहत नाहीत. वास राहतात, आवाज राहतात. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. अकरावीनंतर मला कुणी लिहायला शिकवलं नाही, मी आपली आपण शिकले, तेव्हा कुठं वाक्य लांबलं तर लांबू दे. चहा घेत वाच.

ऑगस्ट सरत आला की इथं एक वास सुटतो. मैदानावर यंत्र फिरतं, कापलेलं गवत दुपारभर उन्हात पडून राहतं आणि संध्याकाळी त्याचा हिरवा, किंचित आंबूस वास माझ्या स्वयंपाकघराच्या जाळीतून आत येतो. त्यात यंत्राचं पेट्रोल असतं, रेघा मारायच्या पांढऱ्या रंगाचा ओलेपणा असतो, शेजारी भाजत असलेल्या कणसांचा धूर असतो. झाडांवरचे किडे महिनाभर एका सुरात किरकिरत असतात आणि एका संध्याकाळी त्यांचा आवाज उतरतो. पिवळ्या शाळाबस पुन्हा फिरायला लागतात. मी पोळी लाटता लाटता थांबते. कारण दरवर्षी या वासाबरोबर मला ते एक वर्ष आठवतं. चार-पाच वर्षं झाली असतील त्याला. अजून मी लाटणं ठेवून खिडकीशी जाते, आणि मग गोलचे दोन खांब दिसतात, आणि हायसं वाटतं. दरवर्षी तेवढंच हायसं वाटतं, कमी होत नाही.

आमचा क्लब म्हणजे काही टीव्हीवरचा क्लब नव्हे. पिस्कॅटवेहून गाडीनं वीस मिनिटांवर, ओढ्याच्या काठी एक मैदान, एक पत्र्याची खोली आणि बाकांच्या दोन रांगा. कुठल्या मोठ्या लीगमध्ये आम्ही नाही, कधी नव्हतो. आमच्यात छपरं घालणारे आहेत, शाळेतले मास्तर आहेत, एक दातांचा डॉक्टर आहे. आठवडाभर ज्यानं त्यानं आपलं काम करायचं आणि रविवारी सकाळी येऊन एकमेकांच्या नडग्या फोडायच्या. क्लबचं खरं नाव हंगेरियन भाषेत भिंतीवर लिहिलेलं आहे, पण ते म्हणायला गेलं की जीभ दातांत अडकते, म्हणून सगळे मिल क्लबच म्हणतात.

मिल म्हणजे लोकरीची गिरणी. ती कधीच बंद पडली, चिमणी तेवढी उभी आहे. तिथं हंगेरीहून आलेले कामगार होते. रविवारी चर्च सुटल्यावर त्यांना बॉल मारायला जागा हवी होती. मालकानं त्यांना ओढ्याकाठचा दलदलीचा तुकडा दिला, जो त्याच्या कशाच्याच उपयोगाचा नव्हता. मग त्या माणसांनी सबंध हिवाळा गिरणीच्या बॉयलरमधली राख आणि कोळशाचे जळके खडे ढकलगाड्यांतून आणून त्या चिखलात ओतले. खडे चांगले गुडघाभर बसले, तेव्हा त्यावर माती आणि मातीवर गवत. म्हणून आमच्या मैदानावर कितीही पाऊस पडला तरी पाणी खाली निघून जायचं.

हे मला इलोनानं सांगितलं. इलोना म्हणजे आमच्या क्लबची सूपवाली, ऐंशी कधीच ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पण पळी धरली की मनगट अजून हलत नाही. ढकलगाड्या ढकलणाऱ्यांत तिचे आजोबा होते. त्यांच्या नखांतली काजळी मरेपर्यंत गेली नाही म्हणते. ती मॅचच्या दिवशी मोठ्या पातेल्यात लाल मिरचीचं मटणाचं सूप करते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी थक्क झाले, आपल्या तांबड्या रश्श्याची लांबची बहीणच. फक्त खोबरं नाही आणि तिखटाला जोर नाही. आणि तिची रीत अशी, की मॅच संपली की हरलेल्यांना आधी वाढायचं. जिंकलेल्यांनी थाळ्या घेऊन मागं उभं राहायचं. मी विचारलं, असं का? तर म्हणाली, "जिंकलेल्यांचं पोट थोडं भरलेलं असतं ना, सुमन."

तिची आवडती गोष्ट म्हणजे महायुद्धातली. गावातले सगळे तरणे लढाईवर, क्लबात खेळायला कुणी नाही. तेव्हा गिरणीतल्या बायकांनी कामाचे ओव्हरऑल घालून ऑफिसातल्या म्हाताऱ्या कारकुनांशी मॅच खेळली. इलोनाची आई गोलात. एका कारकुनाचा चष्मा फुटला, एकीचा दात हलला. "आजोबांनी हट्टच धरला होता," इलोना सांगायची, "वर्षाला इथं एक तरी मॅच झालीच पाहिजे." आम्ही सगळे हसायचो. म्हाताऱ्याची हौस, म्हणायचो. ती हौस नव्हती हे कळायला पुढं काय व्हावं लागलं ते सांगते.

तुला कोल्हापूर माहीत आहे, पण माझ्या लहानपणीचं माहीत नाही. आमच्याकडे पेठेपेठेत फुटबॉल. तालमीत जोर काढायचे ते संध्याकाळी मैदानात. मॅचच्या दिवशी गल्ली ओस पडायची, भेळवाला गाडा घेऊन तिकडं जायचा, आणि आम्ही मुली शेजाऱ्यांच्या गच्चीवर कठड्याला पोट टेकून उभ्या. मैदान दिसायचं नाही. आवाज ऐकायचा आणि त्यावरून ओळखायचं, कुणाचा गोल झाला. आपल्या पेठेच्या गोलचा आवाज वेगळा असतो, तो पायातून वर येतो. तुझे काका तेव्हा आमच्या पेठेचे गोलकीपर होते हे मला लग्न ठरल्यावर कळलं. म्हणजे मी ज्याच्यासाठी ओरडले त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

मग हे नोकरीसाठी इकडे आले, मागून मी. पहिल्याच पानगळीत एका रविवारी आम्ही ओढ्याकाठनं चाललो होतो. सगळीकडे ती वेडी लाल-पिवळी झाडं आणि शांतता अशी की आपलाच श्वास ऐकू यावा. आणि शिट्टी वाजली. पाठोपाठ चामड्याच्या बॉलला बसलेली लाथ. हे जागच्या जागी थांबले. "सुमन, ऐकलंस?" त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. पुढच्या रविवारी ते गोलात उभे होते आणि मी, पहिल्यांदा जन्मात, मैदानाच्या रेघेवर उभी होते. माझ्या आणि खेळाच्या मध्ये कठडा नव्हता. पायाखाली गवत होतं.

आधी मी चहा करत होते. मग जाळ्या शिवायला लागले. मैदान बघणारे म्हातारे गृहस्थ मुलीकडे फ्लोरिडाला गेले आणि त्यांच्या जागी कुणी मिळेना, तेव्हा मी म्हटलं, मी बघते. माझं माहेर उसाचं. पाणी कुठं थांबतं, कुठून जायला बघतं, हे मला जमिनीकडं बघून कळतं. तेव्हापासून क्लबातली सगळी मला काकू म्हणतात. आमचा कॅप्टन डॅनिएल, मूळचा इक्वेडोरचा, छपरं घालतो. त्याला बरीच वर्षं वाटत होतं की काकू हे क्लबातलं पद आहे. कोच असतो, कॅप्टन असतो, तशी काकू असते.

तर त्या वर्षीच्या मार्चमध्ये आम्ही मैदानावर नवीन गवत लावलं. जुनं पार गेलं होतं, दोन्ही गोलांपुढं टक्कल पडलं होतं. सगळ्यांनी मिळून माती उकरली, बी पेरलं, गुडघ्यांवर बसून हातानं दाबलं. एप्रिलमध्ये ते उगवलं. नीलू, काय सांगू तुला, तान्ह्या बाळाच्या टाळूवरच्या जावळासारखं. सकाळी त्यावर दव असायचं आणि ऊन तिरपं आलं की सगळं मैदान चांदीसारखं व्हायचं. मी चारी बाजूंनी दोरी बांधली, दोरीला लाल फिती लावल्या, आणि जाहीर केलं की यावर कुणी पाय ठेवायचा नाही. स्प्रिंगच्या सगळ्या मॅचेस शाळेच्या मैदानावर.

"काकू, एक तरी मॅच?" डॅनिएल विचारायचा.

"मुळं खोल जाऊ देत."

"काकू, मुळं चीनपर्यंत गेली असतील आता."

"मग तिकडून वर येऊ देत," मी म्हणायची.

त्या उन्हाळ्यात मी त्या गवताची जी सेवा केली ती माझ्या पोरांची केली नाही. पहाटे उठून पाणी. एक कुत्रं आत शिरलं तर मी चप्पल घेऊन त्याच्यामागं रस्त्यापर्यंत गेले. हे खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, "अगं, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर तू आयुष्यभर चादर घालून ठेवलीस. आता मैदानावर पण घातलीस." मी म्हणायची, चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवावी. आपली सगळ्यांची हीच रीत ना गं. नवीन काचेचे पेले पाहुण्यांसाठी, पैठणी कुणाच्या तरी लग्नासाठी. आणि पाहुणे येतात तेव्हा आपण म्हणतो, जाऊ दे, आज घाई आहे, स्टीलचेच काढू.

सप्टेंबर आला. पहिला रविवार घरच्या मैदानावर ठरला होता. डॅनिएलनं खांबांना नवा रंग दिला. आणि मी सकाळी गवतात हात घातला आणि मला वाटलं, अजून पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस मिळाले तर ओढ्याकडचा कोपरा दाट होईल. मी मॅच पुढं ढकलायला लावली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, पण ऐकलं. काकूचं ऐकायचं असतं.

दहाव्या दिवशी वादळ आलं. दोन रात्री आणि एक दिवस पाऊस. ओढा चढला आणि सरळ मैदानात आला. तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर गोलचे आडवे दांडे तेवढे पाण्यावर, आणि त्यातल्या एकावर बदक बसलेलं. पाणी ओसरायला आठवडे लागले, आणि ओसरलं तेव्हा मागं गाळ. बोटभर जाडीचा, करडा, गुळगुळीत गाळ, वाळून वर साय धरावी तसा सगळ्या मैदानावर. आम्ही फावड्यांनी ओढला, झाडूंनी ओढला. काही ठिकाणी खालून गवत निघालं, काही ठिकाणी नाही. ओढ्याकडचा कोपरा तर शेवटपर्यंत चिखलच. उरलेला हंगामही शाळेच्या मैदानावर गेला. झाडांची पानं गळाली. मला वाटलं, जाऊ दे, पुढच्या स्प्रिंगला बघू.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, टाउनशिपचं पत्र आलं. टाउनशिप म्हणजे आपल्याकडची नगरपालिका समज. पत्र अगदी सभ्य होतं. गिरणीच्या मालकानं जमीन देताना केलेल्या कागदाची प्रत सोबत जोडली होती. त्यात अट होती: दर वर्षी या जमिनीवर दोन पूर्ण संघांची, पंचासकट, पूर्ण वेळेची एक तरी मॅच व्हायला हवी. ज्या वर्षी होणार नाही, त्या वर्षाअखेर जमीन गावाची. यंदा इथं एकही मॅच झाल्याची नोंद नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. जमीन गावाकडे आली तर तिथं गाड्या लावायची सोय करायचा विचार आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. नोंद नव्हती कारण मॅच नव्हती.

आम्ही पत्र्याच्या खोलीत बसलो होतो. इलोनानं तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाली, "म्हणून आजोबा हट्ट धरायचे." एवढी वर्षं दर रविवारी मॅच होत होती, मग अट कुणाच्या लक्षात राहणार? श्वास घेताना कोण मोजतं? कुणी माझ्याकडं पाहिलं नाही, आणि तेच मला सोसेना. कुणीतरी म्हणायला हवं होतं, काकू, सप्टेंबरात खेळू दिलं असतंत तर? कुणी म्हणालं नाही.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "मी जपलं म्हणून जाणार ते मैदान." हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "गोल खाल्ल्यावर गोलकीपर काय करतो माहीत आहे? जाळीतून बॉल काढतो आणि मध्यावर फेकतो. रडायला नंतर वेळ असतो." तुझ्या काकांनी मला आयुष्यात कधी गोड बोलून समजावलेलं नाही. पण मी उठले.

डिसेंबर लागला होता. लीगमधल्या टीम्सना फोन केले. सगळ्यांचा हंगाम संपलेला, बूट माळ्यावर, निम्मे गावाला. डॅनिएलनं आपले अकरा जमवले. समोर कोण? तेव्हा मला अभिजित आठवला. नागपूरचा पोरगा, इथं सॉफ्टवेअरमध्ये, मराठी मंडळाच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. गणपतीत आमच्याकडे जेवायला येतो आणि मोदक मोजत नाही.

"काकू, आम्ही क्रिकेटवाले," तो म्हणाला. "आमच्यातल्या दोघांनी बॉलला लाथ मारली तर आम्ही त्यांना टीममधून काढतो."

"अकरा हवेत. नव्वद मिनिटं पळायचं."

"पळायचं? काकू, सिरियसली, आमचा विकेटकीपर लिफ्ट बंद असली तर घरून काम करतो."

मग मी त्याला सगळं सांगितलं. सप्टेंबरचंही सांगितलं. "तुम्ही टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "अकरा डोकी आणतो. खेळता येतं का ते नका विचारू."

रविवारची सकाळ. आदल्या रात्री कडक थंडी पडली होती, त्यामुळं मैदान दगडासारखं घट्ट. गवताच्या प्रत्येक पात्यावर बर्फाची मिठासारखी कड. तोंडातून वाफा. टाउनशिपच्या बाई आल्या होत्या, निळा कोट, हातात लांब छत्री, कारण दुपारी पावसाचा अंदाज होता. पंच म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले उंच, सुकलेले मास्तर. त्यांनी मला आधीच बजावलं, "मॅडम, बॉल उसळला नाही तर मी मॅच थांबवणार. मला नियम बदलता येत नाही." मी म्हटलं, बदलू नका.

अभिजितची टीम आली. क्रिकेटच्या पांढऱ्या पँटींत. कुणाच्या पायात पळायचे बूट, एकाच्या पायात चक्क ऑफिसचे. ह्यांनी त्यांच्या गोलकीपरला बाजूला घेऊन दहा मिनिटं शिकवलं, हात कसे, गुडघे कसे. तो पोरगा सगळं ऐकून म्हणाला, "काका, पण बॉल केवढा मोठा आहे." हे म्हणाले, "म्हणून तर दिसतो."

पहिला हाफ काय वर्णू. आमच्या पोरांनी गोल करायचे नाहीत असं ठरवूनही गोल होत होते. बाकांवर अभिजितच्या मित्रांच्या बायका थर्मास घेऊन, लहान पोरं "गो बाबा" ओरडत. पण माझं लक्ष खेळात नव्हतं. माझं लक्ष उन्हात होतं. ऊन चिमणीच्या वर आलं आणि मला पायाखाली कळलं. गोठलेलं मैदान सुटायला लागलं होतं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात आधी एक चमक आली, मग चमकेचं डबकं झालं. बॉल तिकडं गेला की घसरायचा, मग रुतायचा.

हाफटाइमची शिट्टी झाली. पंच त्या कोपऱ्यात गेले, बॉल कमरेच्या उंचीवर धरला आणि सोडला. धप्प. बॉल पडला तिथंच बसला. एखादं दमलेलं वासरू बसावं तसा. पंचांनी माझ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "पंधरा मिनिटं," म्हणाले. "मग परत टाकून बघतो."

डॅनिएल फावडं घेऊन धावला. मी म्हटलं, थांब. फावड्यानं पाणी इकडचं तिकडं होईल. मी वाकून बघत होते. वर गाळाची साय, तिच्यावर पाणी. ते खाली जात नव्हतं कारण वाट मिळत नव्हती. पण खाली ती राख होती, ते जळके खडे होते, इलोनाच्या आजोबांनी ढकलगाडीतून आणलेले. ते कुठं जाणार? त्यांच्यापर्यंत भोकं पाडली तर पाणी आपलं आपण उतरेल. उसाच्या शेतात पाणी साचून चिबड झालं की आम्ही हेच करत होतो. फक्त त्यासाठी माझं गवत भोसकावं लागणार होतं. जे काही जगलं होतं ते, आणि नेमकं तिथंच, ज्या कोपऱ्यासाठी मी पंधरा दिवस मागून घेतले होते.

मी मागं वळले आणि बाकांकडं बघून ओरडले. सगळे आत या. गवतावर या. हातात जे टोकदार असेल ते घेऊन या.

सहा महिने ज्या बाईनं कुत्रं फिरकू दिलं नाही, ती सगळ्या गावाला आत बोलवत होती. मग इलोना पहिली आली, सुपातलं मटण उलटायचा लांब काटा घेऊन. डॅनिएलनं ट्रकमधून सळया काढल्या. कुणी बागेतला पंजा आणला, कुणी तंबूच्या खुंट्या. अभिजितच्या टीमनं स्टंप आणले. तीन स्टंप एका वेळी, रांगेत, वरून हातोडी. "काकू, हे आम्हाला येतं," अभिजित म्हणाला. हे गुडघ्याचं दुखणं विसरून काठीनं भोकं पाडत होते. मी नुसत्या हातांनी सुरुवात केली, तेवढ्यात माझ्यापुढं एक लांब छत्री आली. टाउनशिपच्या बाई. छत्री दिली आणि आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. तिचं टोक पोलादी होतं गं, काय सुंदर भोक पडत होतं.

खच्च, खच्च, खच्च. सळई वर काढली की भोकातून आधी करडा चिखल यायचा, मग काळं पाणी. काळं दिसलं की समजायचं, राखेपर्यंत पोचलो. आणि मग एक आवाज यायला लागला. न्हाणीतलं पाणी शेवटी मोरीत जाताना करतं तसा, बारीक, गुडगुड, शंभर ठिकाणी. पाणी उतरत होतं.

पंच आले. बॉल सोडला. तो उसळला. फार नाही, पोटरीएवढा. त्यांनी परत सोडला, परत तेवढाच. "चालेल," म्हणाले आणि शिट्टी ओठांत धरली.

दुसरा हाफ मी उभ्या उभ्या काढला. मिनिटं संपत नव्हती. ढग येत होते. अभिजितच्या टीममधले दोघं पोटात कळ आली म्हणून वाकले, आणि मी तिथूनच ओरडले की बाहेर यायचं नाही, हवं तर उभे राहा, पण रेघेच्या आत. अकरा पाहिजेत. त्यांचा तो विकेटकीपर शेवटी शेवटी नुसता चालत होता, हात कमरेवर, नवस फेडायला निघाल्यासारखा. शेवटच्या मिनिटांत बॉल कसा कोण जाणे त्याच्या पायाला लागून आमच्या गोलात गेला. सगळं मैदान, दोन्ही बाजूंचं, असं ओरडलं की मला आमची गच्ची आठवली. आणि मग तीन लांब शिट्ट्या.

टाउनशिपच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, पंचांची सही घेतली, आणि छत्री मागितली. मी ती पदरानं पुसून दिली. "पुढच्या वर्षी सप्टेंबरात घ्या," त्या म्हणाल्या, "हवा बरी असते."

मी हो म्हटलं आणि खाली बसले. त्या चिखलात, भोकाभोकांच्या गवतात, साडीनिशी. ओल पाठीपर्यंत आली. कुणीतरी उठवायला आलं तर हे म्हणाले, "बसू दे तिला." वरून पाऊस सुरू झाला होता, बारीक. पत्र्याच्या खोलीतून इलोना पळी आपटत होती, आणि ती क्रिकेटवाली पोरं, बारा की तेरा गोल खाल्लेली, रांगेत पुढं उभी होती, कारण आमच्याकडे हरलेल्यांना आधी वाढतात. अभिजित सुपाचा पहिला घोट घेऊन म्हणाला, "इलोना आजी, यात थोडं तिखट असतं तर नागपूरला नेलं असतं." मी भाषांतर केलं नाही.

आता तू म्हणशील, मावशी, वाचलं ना मैदान, मग एवढं काय. वाचलं. पण मला त्या दिवशी जे सुटल्यासारखं वाटलं ते फक्त जमिनीचं नव्हतं. मी किती वर्षं गोष्टी घट्ट धरून जगत होते, ते ती मूठ उघडल्यावर कळलं. मुलांना मराठी बिघडेल म्हणून बोलताना टोकलं, आणि ती बोलायचीच थांबली. आता नातू फोनवर "आजी, मी स्टक झालो ट्रॅफिकमध्ये" म्हणतो आणि मी त्याला काही सुधारत नाही. बोलतोय ना. वापरलेली भाषाच उरते, तसंच मैदानाचं. पुढच्या स्प्रिंगला त्या भोकांतूनच सगळ्यात दाट गवत फुटलं, कारण हवा खाली गेली होती. वरून बघितलं तर ठिपक्याठिपक्यांचं, हिरवं, गर्द.

हल्ली मी कुणाला हटकत नाही. शनिवारी पोरांचे वाढदिवस होतात तिथं. एक जोडपं रोज कुत्रं घेऊन येतं. दोन्ही गोलांपुढं पुन्हा टक्कल पडलंय, आणि ते बघून मला बरं वाटतं. यंदाची पहिली मॅच सप्टेंबरच्या पहिल्याच रविवारी आहे. मास्तर आता पंच नाहीत, त्यांचा पुतण्या येतो. इलोनाच्या हाताला जरा कंप सुटलाय, पण पळी सोडत नाही. मागच्या आठवड्यात मला म्हणाली, "तुझी ती भाची येणार होती ना, जिला माझं सूप प्यायचं होतं?" मी म्हटलं, येईल. काय सांगणार?

म्हणून ये गं. विमानाला दोन तास लागतात. मॅचच्याच दिवशी यायला हवं असं नाही, मधल्या वारीही चालेल. खोलीची खिडकी मैदानाकडे उघडते, ती तुला देईन. ओढ्याकडच्या बाजूला मी पंधरा दिवसांपूर्वी नवं बी टाकलंय, पोपटी कोंब वर आलेत. मी रोज सकाळी त्यावरून चालते, हेही चालतात, पण आमचं वजन आता कितीसं. इलोना आहे तोवर ये. लवकर ये.